घंटा आणि बावखल

नाशिकमध्ये एखाद्याचा आवाज फारच चढला, की त्याला नारोशंकराची घंटा म्हणतात. गोदावरीकाठच्या नारोशंकर मंदिराला लागलेली ती घंटा मुळात मंदिरासाठी ओतलेलीच नव्हती. ती वसईच्या एका चर्चची. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. एक भीमाशंकराच्या दारी लागली. एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर टांगली गेली. या घंटांबद्दल मराठी माणसाने भरपूर वाचले आहे. ज्या गावांतून त्या उतरवल्या गेल्या, त्या गावांतल्या माणसांनी दुसऱ्या दिवशीपासून काय केले, याबद्दल फारच थोडे.

त्यांनी प्रार्थना चालू ठेवली. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय धर्मगुरू बहुतेक निघून गेले, किल्ल्यातली मोठमोठी चर्च ओस पडून त्यांच्यावर वड-पिंपळ उगवले. पण किल्ल्याबाहेरच्या वाड्या-पाड्यांत राहणारा शेतकरी, माळी, कोळी कुठे जाणार होता? त्याची जमीन तिथेच होती, विहीर तिथेच होती. मूठभर देशी धर्मगुरूंच्या आधाराने त्याने आपला विश्वास टिकवला, आणि तोही मराठ्यांच्या राज्यात, मराठी बोलत. तलवारीच्या धाकाने बाटलेले लोक, सत्ता गेली की सुटतील, असे ज्यांना वाटत होते त्यांना वसईने १७३९नंतर उत्तर दिले. पहिल्या पिढ्यांच्या धर्मांतरात जबरदस्ती होती, आमिषेही होती. इतिहासाचा तो भाग झाकण्याचे कारण नाही. पण ज्या दिवशी जबरदस्ती करणाराच उरला नाही, त्या दिवसानंतर पुढच्या पावणेतीनशेहून अधिक वर्षांचा विश्वास हा त्या माणसांचा स्वतःचा आहे. या लेखाला एवढे एक म्हणणे पुरेसे आहे, आणि ते मला मनापासून म्हणायचे आहे.

हे लिहिते आहे जबलपूरच्या राइट टाउनमध्ये बसून. इथून वसईकडे पाहण्याला कारण आहे. जबलपूरला मराठी वस्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची. पुढे रेल्वे आली, सरकारी कचेऱ्या आल्या, १९५६मध्ये मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय इथे आले, आणि त्यांच्याबरोबर मराठी कारकून, वकील, प्राध्यापक येत राहिले. कॅथलिक जबलपूरही त्याच रेल्वेने आणि छावणीने वसवले. १८७०मध्ये मुंबईहून निघालेली जीआयपी आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात एकमेकींना भेटल्या. १९०४मध्ये गन कॅरेज फॅक्टरी निघाली. सेंट अलॉयशियस शाळा त्याच्याही आधीची, १८६८ची. विसाव्या शतकात हॉलंडहून नॉर्बर्टाइन संघाचे धर्मगुरू इथे कामाला आले आणि १९५४मध्ये जबलपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पुढे नागपूरचे आर्चबिशप झालेले लिओबार्ड डिसूझा हे आधी जबलपूरचे बिशप होते, ही गोष्ट नागपूरकर वाचकांना आठवत असेल.

इथल्या चर्चमध्ये रविवारी शेजारी-शेजारी गुडघे टेकणारी माणसे दूरदूरची असतात. केरळहून नोकरीला आलेले कुटुंब, तमिळ, गोवेकर, जुनी अँग्लो-इंडियन घराणी, मंडलाकडून शहरात आलेले आदिवासी. प्रार्थना हिंदीत, काही वेळा इंग्रजीत. यांना एकत्र आणणारी वस्तू एकच, ती म्हणजे वेदी. त्यांच्यात सामाईक शेत नाही, सामाईक बोली नाही, आजोबांची ओळख नाही. इथे शेजारधर्म जन्मतः मिळत नाही. तो दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपल्यावर अंगणात उभे राहून जमवावा लागतो.

वसईत नेमके उलट आहे. तिथे धर्मग्राम, म्हणजे इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात ते, चर्चच्याही आधी गाव आहे. नंदाखाल, निर्मळ, आगाशी, गास, गिरीज, भुईगाव, सांडोर, पापडी, रमेदी ही नावे एकेका चर्चची आहेत तशीच एकेका गावाची. गावांतून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांच्या वळणावर पांढरे क्रूस उभे आहेत, दोन्ही बाजूंना केळी, नारळ, फुलबागा. मिस्साला येणारी माणसे एकमेकांची चुलत, मावस, आते भावंडे आहेत, किंवा दोघांच्या शेताला बांध एक आहे. बांध एक असला की भांडणही आलेच. बांधावरून बोलणे तुटलेले दोन भाऊ एकाच वेदीपुढे येतात आणि मिस्सात, प्रभुभोजनाच्या आधी, शेजाऱ्याला शांती देण्याचा विधी येतो. जगातल्या प्रत्येक कॅथलिक चर्चमध्ये तो आहे. मुंबईच्या चर्चमध्ये अनोळखी माणसाकडे पाहून हात जोडणे सोपे असते. गावात ज्याच्याकडे वळायचे, त्याच्याशी गेल्या पावसाळ्यापासून दावा चालू असतो. म्हणून मला वाटते, प्रेम या गोष्टीची खरी परीक्षा गावच्या चर्चमध्येच होते.

वसईचे कॅथलिक म्हणजे एकसारखा समाज, असा बाहेरच्यांचा समज असतो. तसे नाही. सामवेदी किंवा कुपारी, वाडवळ, कोळी, आदिवासी असे वेगवेगळे समाज एकाच धर्मप्रांतात आहेत. कुपारी आपली मुळे सामवेदी ब्राह्मणांत सांगतात, आणि आजही हिंदू सामवेदी व कॅथलिक कुपारी एकच बोली बोलतात. तिला सामवेदी किंवा कादोडी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला ती पहिल्या ऐकण्यात कळत नाही. आडनाव लोपीस, तुस्कानो, डाबरे, रॉड्रिग्ज, परेरा, आणि घरातली म्हातारी लाल चौकड्यांच्या लुगड्यात, कासोट्यासकट. उत्तर कोकणातल्या कॅथलिकांच्या लग्नात आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि घागरी भरून आणतात. त्या पाण्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालतात. यालाच उंबराचे पाणी म्हणतात. चर्चमधला लग्नसंस्कार दुसऱ्या दिवशी होतो. पण ज्या आया-आत्यांनी आदल्या दिवशी गाणी म्हटलेली असतात त्यांच्या लेखी लग्न विहिरीवरच लागायला सुरुवात झालेली असते. जेवणात इंद्याळ, फुगे, बॉटल मसाल्याचा वास. नाताळात करंज्या. आपली दिवाळी आणि त्यांचा नाताळ यांच्या ताटांत करंजीपुरते तरी अंतर नाही.

निर्मळची जत्रा पाहावी. कार्तिकात भरते. निर्मळला शंकराचार्यांची समाधी मानली जाते, तळे आहे, देऊळ आहे आणि गावात होली क्रॉसचे चर्चही आहे. जत्रेला हिंदू जातात आणि ख्रिस्तीही जातात. सुकी मासळी घेतात, वर्षाची खरेदी करतात, नातेवाइकांना भेटतात. याला सर्वधर्मसमभाव असे मोठे नाव द्यायची तिथल्या कुणाला गरज वाटत नाही. जत्रा गावाची आहे, एवढे पुरते.

प्रेमाला व्यवहारात काय म्हणतात, हे १९१८ साली वसईत दिसले. त्या वर्षी पापडीला कॅथलिकांची पतपेढी निघाली. मॉन्सिनियर पी. जे. मोनीस हे तिच्या मागचे धर्मगुरू. आज ती बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून ओळखली जाते. वाडीवाला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला होता. केळी तयार व्हायला वर्ष लागते, पानवेल लावायला भांडवल लागते आणि पाऊस हुकला तर गहाण जमीन परत येत नाही. रविवारच्या प्रवचनात सावकारीला पाप म्हणता येते. त्याने कर्ज फिटत नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहायचे आणि पैसा गावातच फिरायचा, हे सहकाराचे साधे तत्त्व. पण जामीन राहण्यासाठी विश्वास लागतो, आणि तो विश्वास धर्मग्रामाकडे तयार होता. शंभर वर्षांहून अधिक काळ एक गावपतपेढी टिकते आणि वाढते, तेव्हा तिच्या पायाशी केवळ हिशेब नसतो. सांडोरला कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचे रुग्णालय आहे. व्हॅलेरियन ग्रेशस हे १९५३ साली झालेले पहिले भारतीय कार्डिनल. वसई-पालघर पट्ट्यातल्या कोणत्याही धर्माच्या माणसाला त्या रुग्णालयाचा पत्ता विचारा.

चर्चचे एक काम मात्र दिसत नाही, आणि तेच मला सर्वांत मोठे वाटते. जबलपूरपासून वसईपर्यंत अनेक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था चालते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. पद्धत सोपी आहे. दोघांनी मिळून गरजू घरी जायचे. बसायचे, विचारपूस करायची, काय लागते ते पाहायचे. गोळा झालेली मदत कुणाला दिली हे बाहेर बोलायचे नाही. नवरा दारू पितो म्हणून शाळेची फी राहिली, आई अंथरुणाला खिळली, मुलगा परदेशी गेला आणि पैसे पाठवेना, असली दुःखे गावात लाजेने झाकलेली असतात. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून देणाऱ्याने तोंड बंद ठेवायचे. दानाच्या फलकांवर नावे रंगवणाऱ्या आपल्या समाजाने हा एक नियम उचलला तर फार बरे होईल.

वसईने जगाला एक संत दिला. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई वसईची. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकला, पोरवयात जपानला गेला, तिथली भाषा त्याने आत्मसात केली, व्यापारही केला. जेझुइट संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर चढवले. १८६२ साली त्याला संत म्हणून घोषित केले गेले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. त्याचा सण वसईच्या किल्ल्यात, पडझड झालेल्या चर्चांमधल्या एका डागडुजी केलेल्या चर्चमध्ये होतो. ज्या किल्ल्यासाठी चिमाजी अप्पांचे सैनिक प्राणपणाने लढले, त्याच किल्ल्यात मराठीत मिस्सा होते आणि मराठा मावळ्यांच्या शौर्याचा अभिमान असणारी मराठी मुलेच त्या मिस्साला येतात. इतिहासाने ज्यांना दोन बाजूंना उभे केले, त्यांच्या नातवंडांना एकाच बाजूला उभे राहणे जमले आहे.

मराठीत मिस्सा ही गोष्टही सहज घडलेली नाही. शतकानुशतके जगभर बहुतेक ठिकाणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. प्रार्थना पाठ, पण अर्थ धर्मगुरूला माहीत. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वाट दिली आणि वसईत वेदीवरून मराठी बोलली जाऊ लागली. मराठीत ख्रिस्ती भक्तीची परंपरा त्याच्याही फार आधीची. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीबद्ध रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. पण ओवीतला ख्रिस्त आणि वेदीवरची लॅटिन यांच्यामध्ये जी भिंत होती, ती विसाव्या शतकात पडली. वसईच्या धर्मगुरूंनी ही संधी सोडली नाही. बिशप थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेटचा अभ्यास केला. २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला, तेव्हा पहिले बिशप तेच होते, आणि पापडीचे ग्रेस माता चर्च त्यांचे कॅथेड्रल.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ४ डिसेंबर १९४२ रोजी नंदाखालला जन्म, १९७२ साली धर्मगुरू. १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. चर्चचे मासिक म्हटल्यावर सण-उत्सवांच्या बातम्या आणि संतांच्या गोष्टी एवढीच वाचकाची अपेक्षा असते. दिब्रिटोंनी त्यात महाराष्ट्रातले लेखक, विचारवंत, कार्यकर्ते लिहिते केले आणि मासिक धर्मग्रामाच्या कुंपणाबाहेर नेले. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता आणि त्याला विरोधही झाला. त्यांनी तो विरोध शांतपणे पेलला. पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे लेखन कागदावर नव्हते. ते वसईच्या पाण्यावर होते.

नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर मुंबईची भूक विरारपर्यंत पोहोचली. हिरव्या पट्ट्यात इमारतींना परवानग्या मिळू लागल्या. नव्या इमारतींना पाणी नव्हते. ते गावातल्या विहिरींतून टँकरने उपसले जाऊ लागले. विहिरीची पातळी खाली गेली की समुद्राजवळच्या जमिनीत खारे पाणी शिरते, आणि एकदा बागेत खार आला की केळ, पान, फूल काहीच टिकत नाही. जमीन बळकावणाऱ्या टोळ्यांची दहशत असलेला तो काळ. बोलायला कुणी धजत नव्हते. अशा वेळी दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समिती घेऊन उभे राहिले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मोर्चाला एकत्र आले. टँकरमागे जमीन होती, जमिनीमागे सत्ता होती. धर्मगुरूने वेदी सोडून रस्त्यावर का यावे, हा प्रश्न त्या वेळी चर्चमध्येही काहींना पडला असेल, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की ज्या विहिरीच्या पाण्याने लग्नाच्या आदल्या दिवशी लेकीला न्हाऊ घालायचे, ती विहीर वाचवणे हे धर्मकार्यच आहे. वसईची चळवळ पर्यावरणाच्या पुस्तकांतून आलेली नव्हती. ती शेताच्या बांधावरून आणि रविवारच्या गर्दीतून उठली. गाव आणि धर्मग्राम एक नसते, तर एवढी माणसे एका हाकेत जमली असती का, याची मला शंका आहे.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. नंदाखालच्या चर्चमध्ये, जिथे त्यांचे बालपण गेले, तिथेच त्यांना निरोप दिला गेला.

वसईच्या वाड्यांत बावखल असते. घराजवळ किंवा बागेत खणलेले हे उथळ तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, हळूहळू जमिनीत मुरते आणि विहिरींना वर्षभर गोडे पाणी देत राहते. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्ट्यात गोडे पाणी टिकण्याचे गुपित हेच. जमिनीचे भाव चढले तशी बावखले बुजवली जाऊ लागली. तळे बुजले की प्लॉट तयार होतो. बुजवणारा बाहेरचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो चुलतभाऊच असतो. या गोष्टीचे दुःख वसईतली जुनी माणसे फार बोलून दाखवत नाहीत, कारण बोलायचे म्हणजे घरातल्या माणसाविरुद्ध बोलायचे. आता काही गावांत तरुणच बावखलांतला गाळ काढत आहेत, त्यांची नोंद ठेवत आहेत. मोर्चा एका दिवसाचा असतो. गाळ दरवर्षी काढावा लागतो. या मुलांबद्दल मला मोर्चाइतकाच आदर वाटतो.

एक गोष्ट मला या सगळ्या कौतुकात खुपते आणि ती सांगितली पाहिजे. चर्चमध्ये एका बाकावर बसणारे हे समाज लग्नाच्या वेळी अजूनही बहुतांशी आपापल्या समाजातच राहतात. कुपाऱ्यांचे कुपाऱ्यांत, वाडवळांचे वाडवळांत, कोळ्यांचे कोळ्यांत, आणि आदिवासी ख्रिस्ती सर्वांच्या शेवटी. स्नानसंस्काराने, म्हणजे बाप्तिस्म्याने, जात धुतली जाते, असे धर्मशिक्षणात शिकवतात. घराच्या उंबरठ्यावर ती पुन्हा चिकटते. दोन वेगळ्या समाजांतली मुले एकमेकांवर प्रेम करतात तेव्हा धर्मगुरू त्यांचे लग्न आनंदाने लावतो. मांडवात नातेवाईक किती येतात ही वेगळी गोष्ट. धर्मग्रामातल्या प्रेमाची गोष्ट सांगताना या मुला-मुलींना विसरून चालणार नाही. त्यांनी चर्चची शिकवण मोठ्यांपेक्षा जास्त गंभीरपणे घेतली आहे.

आता वसईचे धर्मग्राम दोन बाजूंनी बदलते आहे. गावातली तरुण पिढी आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जाते. पैसा येतो, घरे मोठी होतात आणि त्या मोठ्या घरांत दोन म्हातारी माणसे राहतात. घरोघरी फिरणाऱ्या जपमाळेच्या प्रार्थनेला पूर्वी अंगण भरायचे, आता कधीकधी फोनवर नातवंडे दिसतात. दुसरीकडे रेल्वेच्या पूर्वेला, नालासोपारा आणि वसई रोडच्या इमारतींत, देशभरातले ख्रिस्ती आले आहेत. केरळचे, मंगलोरचे, तमिळनाडूचे, झारखंडचे. त्यांच्यासाठी इंग्रजी मिस्सा आहेत, हिंदी मिस्सा आहेत. त्यांचा या मातीशी संबंध भाडेकराराएवढा. राइट टाउनच्या अंगणात जे जमवावे लागते, ते आता वसईलाही जमवावे लागणार आहे.

जुन्या वसईकराला यात भीती वाटते. मराठी जाईल, सामवेदी जाईल, मोठ्या शहराच्या एखाद्या चर्चसारखे आपले चर्च होईल, ही भीती खोटी नाही. पण याच लोकांनी १७३९ पाहिले आहे, लॅटिनमधून मराठीत येणे पाहिले आहे, सावकार पाहिला आहे, टँकर पाहिले आहेत. पूर्वेच्या इमारतीत राहणाऱ्या झारखंडच्या बाईला गावातल्या विहिरीचे पाणी टँकरने मिळते. तिचे बाळ चर्चमध्ये स्नानसंस्काराला येते तेव्हा त्याला धर्ममाता-धर्मपिता लागतात, आणि तिचे माहेर दीड हजार किलोमीटर दूर असते. अशा बाळाचे धर्मपालकत्व नंदाखाल-निर्मळच्या एखाद्या कुपारी किंवा वाडवळ घराने घ्यावे, नाताळात त्याला घरी बोलवावे, पहिल्या प्रभुभोजनाला नवे कपडे शिवावेत. चर्चच्या कायद्यात यासाठी कसलाही अडथळा नाही. त्यासाठी रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला जावे लागेल, एवढेच.